नव्वद की ब्याण्णव

२५ नोव्हेंबर १९७४, सोमवार

"उत्तर येत असलं तरी दर वेळी हात वर करू नको, लोकायला राग येतो." मी चौथीत असताना आई मला हे म्हणाली होती. माझी आई केशरबाई कधी शाळेत गेली नाही, पण शाळेतल्या लोकांना कशाचा राग येतो हे तिला घरबसल्या कळायचं. ज्वारी पाखडता पाखडता, माझ्याकडे न बघता म्हणाली होती. तीसहून जास्त वर्षं झाली. आज स्टाफरूममध्ये दहावीच्या पेपरांच्या बेरजा तपासताना ते वाक्य कानात आलं, आणि तरीही उद्या मी हात वर करणार आहे.

यंदा पहिल्यांदाच अकरावीऐवजी दहावीला बोर्ड आहे. भोकरदनच्या आमच्या शाळेत एकसष्ट मुलंमुली आहेत दहावीला. चाचणीत एखाद्या विषयात पस्तीसच्या खाली गेलेल्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवत नाही, म्हणजे शाळेचा निकाल नापासांनी खराब होत नाही. विज्ञानाचा पेपर रामराव सर तपासतात. बेरजा मी तपासते. मी बी.एस्सी. आहे, पाचवी ते सातवी शिकवते. दुसऱ्याने दिलेल्या मार्कांची बेरीज करण्याइतकं विज्ञान मला येतं, असं शाळेचं मत आहे.

बेबीनंदाच्या पेपरावर तेहतीस होते. बेरीज बरोबर होती. मी उगाच पानं उलटली. प्रश्न चौथा, सहा मार्कांचा: युरेनियम २३८ च्या केंद्रातून एक अल्फा कण आणि त्यानंतर दोन बीटा कण बाहेर पडले, तर उरलेल्या केंद्राचा अणुक्रमांक आणि वस्तुमानांक सांगा. पोरीने तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, अणुक्रमांक ब्याण्णव, वस्तुमानांक दोनशे चौतीस. खाली एक ओळ: "म्हणजे परत युरेनियमच होते, पण आधीपेक्षा हलके." त्याच्यावर लाल फुली. शून्य.

उत्तर बरोबर आहे. मी तीनदा करून पाहिलं. खरं तर एकदाही करायची गरज नव्हती, कारण ते तिला मीच शिकवलं आहे.

ऑक्टोबरात ती कापूस वेचायला जायची, शाळा बुडायची. रविवारी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. मी चिंचोके फोडून अर्धे केले, पोरी पट खेळायला करतात तसे, एका बाजूने पांढरे, एका बाजूने तपकिरी. दोनशे अडतीस मांडले. पांढरी बाजू वर तो प्रोटॉन, तपकिरी वर तो न्यूट्रॉन. ब्याण्णव पांढरे. अल्फा जातो तेव्हा दोन पांढरे आणि दोन तपकिरी एकदम उचलून बाजूला. राहिले नव्वद पांढरे, ते थोरियम. बीटा जातो तेव्हा ढिगातून काही उचलायचं नाही, एक तपकिरी चिंचोका नुसता पालथा करायचा. तो पांढरा झाला, आणि त्या पालथ्या होण्यात एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला गेला. एकूण चिंचोके तेवढेच, पांढरे एकाने वाढले. दुसरा बीटा, दुसरा पालथा. ब्याण्णव.

"आन् गॅमा?" तिने विचारलं होतं.

"गॅमात कुणी जात नाही, कुणी बदलत नाही. हललेलं केंद्र स्थिर होतं, जास्तीची ऊर्जा बाहेर टाकतं."

"म्हंजी भांडून आलेलं माणूस गप बसल्यावानी," ती म्हणाली होती.

एवढं जिला कळलं तिला शून्य. मी पेपर हातात घेऊन उभी राहिले, पण रामराव सर तासावर निघून गेले होते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीत सगळे चहाला बसले होते. मी पेपर रामराव सरांपुढे ठेवला.

ते हसले. त्यांचं हसणं वाईट नसतं, त्याचाच मला जास्त राग येतो. म्हणाले, "बाई, सोपं आहे. बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन राहतो बाहेर, कक्षेत. एखादा गेला तर केंद्राला काय? ओट्यावर बसलेला पाहुणा उठून गेला म्हणून घरातली माणसं मोजायची का परत?"

"सर, हा इलेक्ट्रॉन ओट्यावरचा नाही. घरातून निघतो. केंद्रातला न्यूट्रॉन बदलून प्रोटॉन होतो तेव्हा."

"केंद्रात इलेक्ट्रॉन असतो?"

"असत नाही. बदलताना तयार होतो."

"म्हणजे नव्हता, आन् निघाला." ते बाकीच्यांकडे वळले. "हेडसर, ऐकलं का. आन् ह्यांची पोरगी लिहिती, युरेनियम जाऊन परत युरेनियम. माहेराला गेली आन् दोन बीटांनी परत नांदायला आली."

सगळे हसले. चहा आणणाऱ्या सगुणाबाईसुद्धा हसल्या, ज्यांना बीटा म्हणजे काय ते ठाऊक नाही. आणि मीही किंचित हसले. हे इथे लिहून ठेवते, कारण आता लाज वाटते आहे. माझा अपमान होत असताना मी हसले, वातावरण बिघडू नये म्हणून.

रामराव सरांच्या नोट्समध्ये एक वाक्य आहे. ते अनेक वर्षं तेच वाक्य वर्गाला उतरवून देतात: "बीटा कणाला वजन नसल्याने तो गेल्याने केंद्रात बदल होत नाही." सर मुळात गणिताचे. विज्ञानाला माणूस नव्हता म्हणून त्यांनी घेतलं, आणि मी आल्यावरही सोडलं नाही. मे महिन्यात अणुस्फोट झाला, त्यानंतर पंधरा ऑगस्टला त्यांनी झेंड्यापुढे अणूवर भाषण केलं. अर्धं गाव ऐकायला आलं होतं. तेव्हापासून लोक त्यांना बाजारात थांबवून अणूबद्दल विचारतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

हेडसरांकडे गेले. बद्रीनाथ सर तसे सज्जन, भाषा शिकवतात. त्यांनी पेपर पाहिला, म्हणजे हातात धरला.

"कौसल्याबाई, मला ह्यातलं काही कळत नाही. रामरावांना कळतं ते मला कळतं, असं धरून मी चालतो."

"सर, दहा तारखेला फॉर्म जायचे आहेत. ह्या सहा मार्कांवर तिचं वर्ष आहे. तिचा बाप कडूबा तिला पुन्हा शाळेत घालणार नाही."

"एका पोरीसाठी इतकं?" मग आवाज खाली आणून, "तुमच्या समाजाची आहे म्हणून तुम्हाला वाटणं साहजिक आहे. माझी ना नाही."

ना नाही. मला काय वाटावं ह्यालाही त्यांची परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं झाली आम्हाला बौद्ध होऊन, ह्या शाळेत मला अकरा वर्षं झाली, आणि थोरियमचा अणुक्रमांक विचारायला गेलं की उत्तरात माझी जात येते. मी म्हणाले, "सर, युरेनियमला समाज नसतो."

पण खोटं का लिहू. घरी येताना विचार आला, हेच उत्तर वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीने लिहिलं असतं तर मी इतकी भांडले असते का? भांडले असते. बहुतेक. फक्त कदाचित दुसऱ्या दिवशी थांबले असते.

१ डिसेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने जालन्याला जाऊन आले. नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक आमच्या शाळेत एकच आलं आहे आणि ते रामराव सरांच्या कपाटात कुलपात आहे, म्हणून दुकानातून विकत घेतलं. दुकानात उभ्याउभ्याच पान काढलं. स्पष्ट लिहिलं आहे: बीटा कण बाहेर पडल्यावर वस्तुमानांक तोच राहतो, अणुक्रमांक एकाने वाढतो. मी तिथेच मोठ्याने वाचलं. दुकानदार म्हणाला, "फाटलंय का पान, बाई? बदलून देऊ?"

घरी आल्यावर ट्रंकेतून माझी कॉलेजची वहीही काढली. सन पंचावन्न. औरंगाबादच्या वसतिगृहात कंदिलाजवळ काढलेल्या आकृत्या. तेच उत्तर, शाई फक्त पिवळी पडलेली.

बेबीनंदा संध्याकाळी आली होती. वेचणीने बोटांची टोकं चिरलेली. तिला पुस्तक दाखवलं. तिने ते वाक्य वाचलं आणि मान हलवली, जणू पुस्तकाचंच बरोबर आलं.

"बाई, फॉर्म जाईल ना पन?"

"जाईल. आपण बरोबर आहोत."

ती काहीतरी बोलणार होती, मग उठून गेली. घरी भाकरी टाकायच्या होत्या तिला.

२ डिसेंबर, सोमवार

रामराव सरांनी पुस्तक पाहिलं, पान पाहिलं, मुखपृष्ठ पाहिलं.

"छपाईची चूक. नवीन कोर्स आहे, घाईघाईत छापलंय. कमी होतोच्या ऐवजी वाढतो पडलंय."

"पण सर, तुम्ही तर म्हणता कमीही होत नाही."

"तेच तर. दोन्हीकडून चूक."

मग मी वही काढली. ती त्यांनी दोन बोटांत धरली. "एकोणीस वर्षांपूर्वीची? बाई, तेव्हाचं सायन्स वेगळं होतं. आता किती पुढे गेलंय."

एक पुस्तक फार नवं, एक वही फार जुनी. ह्या माणसाच्या मते खरं विज्ञान मधल्या कुठल्यातरी वर्षी होऊन गेलं आणि त्या वर्षी फक्त तेच हजर होते.

४ डिसेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा सर माझ्याकडे आपणहून आले. प्रयोगशाळा म्हणतो त्या खोलीत मी भिंग पुसत होते. दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"बाई, मी काल गठ्ठा पुन्हा काढला. एकसष्टांतल्या चव्वेचाळिसांनी नव्वद लिहिलंय. सोळांनी सोडलाच प्रश्न. ब्याण्णव एकटीनंच."

"चव्वेचाळिसांनी तुमचं लिहिलं, सर."

"माझंच. आता तुमचं बराबर धरलं, तर त्या चव्वेचाळिसांचे सहा-सहा मार्क जातात. त्यात नऊ जण पस्तिसाच्या खाली येतात. नावं सांगू? आष्टीहून बदलून आलेल्या मास्तरांचा मुलगा. भिवा सुताराची पोरगी. एका पोरीसाठी नऊ फॉर्म अडवायचे का, ते सांगा तुम्ही."

हे मला सुचलं नव्हतं. दहा दिवस मी एकाच पेपराकडे बघत होते. मी म्हणाले, "त्यांचे काढू नका. तिला द्या. दोन्ही उत्तरं धरा."

"दोन्ही कशी धरणार? मंग चूक कोण, ते भिंतीवर लिहिल्यासारखं होईल." पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला होता. मग त्यांनी तोड सांगितली. सहानुभूतीचे दोन मार्क. शाळेत रीत आहे तशी पालकाने अर्ज द्यायचा: माझ्या पाल्याचे उत्तर चुकले आहे, तरी दोन गुण वाढवून मिळावेत ही विनंती. तेहतिसाचे पस्तीस होतील, फॉर्म जाईल.

"उत्तर चुकलेलं नाही," मी म्हणाले. "ती असला अर्ज देणार नाही."

"तिला विचारलंत?"

"विचारायची गरज नाही."

ते उठले. जाताना भिंग हातात घेऊन उजेडाकडे धरलं, "स्वच्छ पुसलंत," म्हणाले आणि गेले.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे दवाखान्यात कंपाउंडर आहेत, दिवसभर लोकांचं ऐकून घरी कमी बोलतात. जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "तुला ती पोरगी पास व्हायला पाहिजे, का रामराव नापास व्हायला?"

घरातल्या माणसाने तरी असं विचारू नये. चुकलेलं नसताना चुकलं म्हणून सही करायची, आणि त्याला सहानुभूती म्हणायचं, हे ज्याला अपमान वाटत नाही त्याच्याशी काय बोलणार.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाबासाहेबांचा स्मृतिदिन. शाळा अर्धी करून वंदनेला गेले. पांढऱ्या साड्यांत सगळ्या बसल्या होत्या. बेबीनंदाची आई चांगुणाबाई माझ्या शेजारी सरकून बसली.

"बाई, फारमाचं काय झालं?"

मी तिला सांगितलं की पोरगी बरोबर आहे, पुस्तकात तसंच छापलं आहे, आपण मागे हटायचं नाही. मी चांगलं बोलले, आजूबाजूच्या दोघीतिघी वळून ऐकू लागल्या. चांगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाय तर मंग फारम काहून अडलाय?"

"तेच तर मी भांडते आहे."

"भांडा," ती म्हणाली. "तुमी भांडा बाई, तुमच्यावानी कोन भांडतंय. पन तिचा बाप म्हनून राह्यला, दहा तारखंला फारम न्हाई गेला तर तिला आठवड्याच्या आत टेंभुर्णीला वेचणीला पाठवतो, मावशीकडं. मंग पुढं तिकडंच बघतील एखादं स्थळ." एवढं बोलून तिने पदर सारखा केला आणि पुढे बघू लागली.

शिकण्यासाठी लढा, हे त्याच बैठकीत आज किती जणांनी सांगितलं. मला वाटलं तिला ते पोचलं असेल.

९ डिसेंबर, सोमवार

अर्ज दिला गेला.

मला हेडसरांनी सांगितलं, प्रेमाने, आनंदाची बातमी सांगावी तसं. शनिवारी कडूबा अंगठा देऊन गेला. अर्ज मी मागून घेऊन वाचला. अक्षर बेबीनंदाचं. तिरकं, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. "माझे उत्तर चुकले आहे." पाल्याचे असं लिहायचं ते विसरून तिने माझे लिहिलं होतं, किंवा विसरली नसेल.

मला इतका संताप आला की तिसऱ्या तासाला सातवीला मी नुसता धडा वाचायला लावून खिडकीत उभी राहिले. रामराव सरांचा राग, हेडसरांचा, कडूबाचा. सगळ्यात जास्त तिचा. मी जालन्याला गेले, माझी वही लोकांच्या दोन बोटांत दिली, स्टाफरूममध्ये हसं करून घेतलं, ते कशासाठी.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. नळापाशी उभी होती, दप्तर पोटाशी धरून.

"चुकलं असं का लिहिलंस?"

"त्याच्याशिवाय घेत नव्हते."

"पण चुकलं नव्हतं."

"मला माहीत हाय की बाई." तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमालाबी माहीत हाय. रामराव सरांनाबी हाय, अर्ज घेताना त्यायनी माझ्याकडं बघितलं न्हाई. मंग आनिक कोनाला कळायचं राह्यलं? मला दोन मार्क पाहिजे होते. दोनच."

मी नळाच्या कट्ट्याला टेकले.

"तुमी सरांना न्हाई म्हनल्या होत्या म्हनं," ती म्हणाली. "बुधवारी. आमाला शुक्रवारपस्तोर कळलंच न्हाई, अर्ज चालतो म्हनून. सगुणाबाईनं सांगितलं माईला. तवर मी लई रडले बाई, दोन दिवस. मंग बापाला घेऊन आल्ते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. झालेली गोष्ट सांगत होती. मी म्हणाले की मी तुझ्यासाठीच नाही म्हणाले. ती म्हणाली, हो. मग नळ नीट बंद केला, कुणीतरी अर्धवट सोडला होता.

जाता जाता वळली. "बाई, एक विचारू? बोर्डात हाच प्रश्न आला तर काय लिहू?"

"बरोबर ते. ब्याण्णव."

"आन् तपासणारे आपल्या सरांवानी निघाले तर?"

"तिथले तसे नसतील."

"मंग वर्गातल्या बाकीच्यांचं काय व्हईल? भिवाकाकाची पोरगी मला म्हनली, तुझं शून्य पाहून आमी पाठच करून ठिवलं, नव्वद. मी तिला सांगितलं ब्याण्णव हाय. ती म्हनली, मंग तू अर्ज काहून दिला, चुकलं म्हनून?"

ती थोडी थांबली आणि गेली.

१० डिसेंबर, मंगळवार

फॉर्म गेले. बेबीनंदाचा गेला. नऊ जणांचेही गेले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण दाताखाली खडा आल्यासारखा.

१२ डिसेंबर, गुरुवार

दोन दिवस स्वतःशीच वाद घालते आहे. राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. एका शहाण्या पोरीला स्वतःच्या हाताने स्वतःचं बरोबर उत्तर चूक म्हणायला लावलं, आणि त्याबद्दल ह्या शाळेत कुणाची झोप मोडलेली नाही. पण बुधवारी तिला न विचारता नाही म्हणणारी मीच होते. ते मी आज दोनदा लिहून दोनदा खोडलं. आता राहू देते.

मार्चमध्ये एकसष्ट मुलं पेपराला बसतील. चव्वेचाळीस नव्वद लिहितील, सोळा आता पाठ करतील. मी वर्गात जाऊन सांगू शकत नाही. दहावीचा तास मला मिळणार नाही, आणि चोरून ओट्यावर बोलावून सांगितलं तर त्यांना दोन उत्तरं माहीत होतील आणि कुणाचं मानावं ते कळणार नाही. ऐकतील ते फक्त एकाचं. म्हणून त्या एकालाच चिठ्ठी लिहिली आहे. सर नाही म्हणतील. त्यांना पंधरा ऑगस्ट आहे, बाजार आहे, इतक्या वर्षांच्या वह्या आहेत. कदाचित चिठ्ठी हेडसरांना दाखवतील आणि पुन्हा चहाबरोबर हसणं होईल. ह्या वेळी मी हसणार नाही, एवढं ठरवलं आहे. उद्या सकाळी प्रार्थनेआधी त्यांच्या हातात देते. मजकूर इथे उतरवून ठेवते:

"रामराव सरांस सप्रेम नमस्कार. चाचणीचे मार्क जसे आहेत तसे राहू द्यावेत, कुणाचेही बदलू नयेत. अर्जाबद्दलही मी पुन्हा काही बोलणार नाही. पण जानेवारीच्या आत एके दिवशी दहावीच्या वर्गात आपण स्वतः, आपल्या तोंडाने, नोट्समधलं ते एक वाक्य बदलून सांगावं. मुलं फक्त आपलं ऐकतात. कुणी कारण विचारलं तर नवीन पुस्तकात तसं आलं आहे एवढंच म्हणावं, माझं नाव घेऊ नये. तो तास कधी घेणार ते आदल्या दिवशी कळवलंत तर मी त्या दिवशी रजा टाकीन, म्हणजे मी दाराबाहेर उभी आहे असं आपल्याला वाटणार नाही. एवढं कराल का?"